मुलांना मधमाश्या शिकवायचं काम पूर्णवेळ सुरू करतेय, कोकणातल्या मंडळींचा सल्ला हवाय

रानजाई | २४ ऑक्टोबर

नमस्कार मंडळी. इथे वाचते खूप, लिहिते कमी. या वेळी सविस्तर लिहितेय कारण खरंच सल्ला हवाय.

दसऱ्यानंतर नोकरी सोडली (अकाउंट्सची, रत्नागिरीत) आणि आता मुलांना मधमाश्यांबद्दल शिकवणं हेच काम करायचं ठरवलंय. मध विकायचा नाही, पेट्याही नाही, शिकवणंच. घरामागे सातेरीच्या (पेटीत पाळता येणारी आपली देशी मधमाशी) पेट्या आहेत, महाबळेश्वरला खादी ग्रामोद्योग मंडळाच्या मध संचालनालयात प्रशिक्षण घेतलंय, गेल्या उन्हाळ्यात वाडीतल्या मुलांबरोबर थोडं करूनही बघितलं. घरचे पाठीशी आहेत आणि वर्षभर निभेल एवढी शिल्लक आहे.

का करायचंय ते सांगते. आपल्याकडच्या पोराला मधमाशीचं चित्र काढ म्हटलं की ते गुबगुबीत पिवळी माशी काढतं, काळे पट्टे, बाजूला सूर्यफूल, कारण मोबाईलवर तेच दिसतं. आणि त्याच पोराच्या घराच्या चिऱ्याच्या भिंतीत पोयाचं, म्हणजे बिनडंखाच्या बारीक मधमाशीचं, घर असतं, डिंकमेणाची बारीक नळी बाहेर आलेली, रोज तिच्यासमोरून शाळेत जातं ते. गडग्याच्या पोकळीत नाहीतर जुन्या फणसाच्या ढोलीत सातेरी असते, अंधारात एकाला एक समांतर पोळी लावून. करवंदीच्या जाळीत फुलोरीचं एकुलतं एक पोळं, तळहाताएवढं, उघड्यावर. आणि उंच झाडाला किंवा पाण्याच्या टाकीखाली आग्या. एवढ्या माश्या एका वाडीत राहतात आणि मुलांना माहिती दोनच गोष्टी, मध गोड असतो आणि माशी चावते. त्यातही चावते ती पुष्कळदा गांधीलमाशी असते आणि नाव मधमाशीचं होतं.

म्हणून माझा पहिला तास मधाचा नसतोच. पहिला तास शोधायचा. शाळेच्या आवारात आणि घराभोवती कोण कुठे राहतं ते बघायचं, हात न लावता, आणि वहीत नोंदवायचं. मग गावाचा नकाशा काढून पेटीभोवती एक-दीड किलोमीटरचं वर्तुळ काढायचं, कारण सातेरी साधारण तेवढ्यातच फिरते, आणि त्या वर्तुळात कुठल्या महिन्यात काय फुलतं ते घरच्या आजी-आजोबांना विचारून भरायचं. काजू, आंबा, जांभूळ, करंज, पांगारा, सावर, आणि नारळ तर बाराही महिने. मुलांना हे इतकं आवडतं की मला माझंच नवल वाटलं एवढी वर्षं आकडेमोड करत कशी बसले.

आता प्रश्न. शाळांत जायचं कसं, परवानगी कोणाची, जिवंत माश्या शाळेत न्याव्यात की नाही, आणि यावर घर चालेल का. ज्यांना जे माहीत असेल ते सांगा.

मास्तर_राजापूर | २४ ऑक्टोबर

ताई, आधी अभिनंदन. मी जिल्हा परिषद शाळेत शिकवतो, डोंगरावरची शाळा, पट अगदी कमी. तुम्ही म्हणताय ते चौथीच्या परिसर अभ्यासात जसंच्या तसं बसतं, वेगळा विषय म्हणून मांडूच नका. आधी मुख्याध्यापकांना भेटा, मग शाळा व्यवस्थापन समितीत विषय घेऊ द्या. समितीत पालक असतात, त्यांनी हो म्हटलं की पुढची भीती निम्मी कमी होते. शनिवार मागा. आनंददायी शनिवारात दप्तर नसतं, अशा उपक्रमांना जागा असते. सत्र परीक्षेच्या आसपास जाऊ नका, कोणी ऐकणार नाही.

आणि एक मनापासून सुचवतो. एकेक शाळा करत बसलात तर दमाल, आमच्या शाळा लांब लांब आहेत आणि एसटीच्या वेळा तुम्हाला माहीतच आहेत. केंद्राची, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाची, शिक्षण परिषद भरते, तिथे सगळ्या शाळांचे शिक्षक एकत्र येतात. केंद्रप्रमुखांना सांगून तिथे तास-दीड तास घ्या. शिक्षकाला एकदा पोया आणि सातेरी ओळखता आली की तो तुमच्या पाठीमागेही शिकवत राहतो.

पैशाचं म्हणाल तर आमच्या शाळेकडून फीची अपेक्षा ठेवू नका, खरंच नाहीयेत. प्रवासखर्च आम्ही शिक्षक मिळून देऊ शकतो.

चाकरमानी_ठाणे | २५ ऑक्टोबर

मे महिन्यात आमची दोन्ही मुलं गुहागरला आजीकडे असतात आणि चार दिवसांनी मोबाईल हातात. तुम्ही मे मध्ये काही घेणार असाल तर मी आत्ताच नाव देते!! गावात तेव्हा मुंबई-पुण्याची भरपूर पोरं असतात आणि आम्ही पालक फी द्यायला तयार असतो, त्याचा संकोच करू नका.

जुना_मधपाळ | २५ ऑक्टोबर

मी कणकवलीकडचा. सातेरी पाळण्यात आयुष्य गेलं म्हणून थोडं अधिकाराने लिहितो, ताईंनी गैरसमज करून घेऊ नये.

सातेरीची अख्खी पेटी उचलून शाळेत नेऊ नका. ही माशी मेलिफेरासारखी (परदेशी पाळीव मधमाशी) सोशिक नाही, धक्के बसले, ऊन लागलं, सारखं उघडझाप केलं तर सगळी वसाहत पेटी सोडून उठून जाते आणि तुमच्या हातात रिकामी पोळी राहतात. न्यायचीच असेल तर काचेची पेटी बनवून घ्या, दोन्ही बाजूंना काच आणि त्यावर लाकडी झडपा, आत एकच चौकट. माश्या, थोड्या अंड्या-अळ्या, थोडा मध असलेली. राणी मात्र घरच्या पेटीतच ठेवायची. झडप उघडायची ती मुलांना दाखवण्यापुरती, कारण त्यांना अंधार लागतो. दोन-तीन तासांत परत आणून चौकट जागेवर.

लहान मुलांसाठी मात्र पोया नेमकी. डंख नाही. छोट्या लाकडी पेटीत राहते, वर काच लावली की आतली सगळी घडण दिसते, मधाच्या आणि परागाच्या गोल गोल मडक्या एकीकडे आणि अंडी-अळ्यांची घरं वेगळी. षटकोनी पोळं तिथे नसतं, मुलांना हा फरक दाखवा. फार छेडलं तर केसात शिरते आणि बारीक चावे घेते, त्याने काही होत नाही. फक्त भिंत फोडून पोया काढायच्या मागे लागू नका, जिथे आहे तिथेच दाखवा.

पावसाळ्याचा विचार केलाय का? जून ते सप्टेंबर आपल्याकडे फारसा फुलोरा नाही, पाऊस माशीला बाहेर पडू देत नाही, आपण साखरेचा पाक देऊन वसाहत जगवतो. त्यात पोळी खाणारा मेणकिडा. त्या चार महिन्यांत मुलांसमोर पेटी उघडायचीच नाही. तेव्हा काय शिकवणार हे आत्ताच ठरवा.

रानजाई | २५ ऑक्टोबर

काका, गैरसमज कसला, हेच हवं होतं. काचेच्या पेटीचं माप कळवाल का? आमच्या सुताराने मेलिफेराच्या चौकटीची केलीय, ती सातेरीला मोठी होते.

पावसाळ्यासाठी नाचाचा खेळ आहे. माशी पोळ्यावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरते आणि मधल्या सरळ रेषेत शेपूट हलवत चालते. उभ्या पोळ्यावर वरची दिशा म्हणजे सूर्य. रेषा जेवढी उजवीकडे कललेली तेवढं सूर्याच्या उजवीकडे उडायचं, आणि शेपूट जेवढा जास्त वेळ हलली तेवढं फूल लांब. कार्ल फॉन फ्रिश यांनी हे उलगडलं, त्यांना १९७३ चं नोबेल मिळालं. शाळेच्या हॉलमध्ये एक मुलगा नाचून सांगतो आणि बाकीच्यांनी लपवलेलं जास्वंदीचं फूल शोधायचं. भिंतीवर कागदाचा सूर्य लावला की झालं.

दुसरा खेळ फ्रांस्वा ह्यूबरवरून घेतलाय. जिनिव्हाचा माणूस, १७५० चा जन्म, तरुणपणीच दृष्टी गेली. त्याचा नोकर पोळ्यात बघून सांगायचा आणि हा पुढचे प्रश्न विचारायचा, आणि अशा जोडीने मधमाश्यांची जी निरीक्षणं केली ती आजही मानली जातात. मुलांच्या जोड्या करायच्या, एकाच्या डोळ्यावर रुमाल, दुसऱ्यापुढे रिकामं पोळं नाहीतर भिंगाखालची मेलेली माशी. बघणाऱ्याने फक्त दिसतं तेवढंच सांगायचं. डोळे झाकलेला विचारतो, पाय किती, पंख किती, मागच्या पायाला काय चिकटलंय. वर्गात कधी न बोलणारी मुलं यात असे प्रश्न विचारतात की ऐकत राहावं. डोळे पाच असतात हे तर बहुतेक जोड्या स्वतःच शोधून काढतात, दोन मोठे आणि डोक्यावर तीन बारीक.

वैद्य_किनारा | २६ ऑक्टोबर

प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करतो. उपक्रम उत्तम आहे पण हे वगळून चालणार नाही.

प्रत्येक पालकाकडून लेखी संमती घ्या आणि त्यात स्पष्ट विचारा, पूर्वी कुठली माशी चावून अंगभर गांधी उठल्या होत्या का, ओठ-चेहरा सुजला होता का, धाप लागली होती का. उत्तर हो असेल तर त्या मुलाला जिवंत माश्यांजवळ न्यायचं नाही, भिंग आणि चित्रं द्या. कार्यक्रमाच्या दिवशी जवळच्या आरोग्य केंद्राला आधी कळवून ठेवा, डॉक्टर हजर आहेत का आणि अ‍ॅड्रेनालिनचं इंजेक्शन उपलब्ध आहे का ते विचारा, गाडी तयार ठेवा. डंखाच्या जागी सूज येणं साधारण असतं. श्वास लागणं, चक्कर, उलट्या, अंगभर पुरळ यातलं काही दिसलं तर एक मिनिटही थांबायचं नाही.

डंख रुतला असेल तर नखाने खरवडून लगेच काढा, माशी गेली तरी विषाची पिशवी डंखाला चिकटून असते आणि विष आत जात राहतं. कसा काढला यापेक्षा किती लवकर काढला हे महत्त्वाचं. तंबाखू, चुना, हळद काही लावत बसू नका.

आणि मध चाखायला देणार असाल तर एक वर्षाखालच्या बाळाला अजिबात नाही. मोठ्या भावंडांबरोबर कडेवरची बाळं येतात आणि कोणीतरी प्रेमाने बोट चाटवतं. बोट्युलिझमचा, म्हणजे जिवावर बेतणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो.

मालवणीमाणूस | २६ ऑक्टोबर

आमच्या मागल्या आंब्यार आग्याचा पोळा लागला हा, पोरां दगड मारूक बघतत. काय करूचा सांगा.

जुना_मधपाळ | २६ ऑक्टोबर

@मालवणीमाणूस काही करू नका, पोरांना तिकडे जाऊ देऊ नका एवढंच. आग्या कायम राहत नाही, हंगाम संपला की आपणच उठून जातो. खाली धूर, फटाके नकोत. समजा उठलाच तर तोंड झाकून सरळ घरात पळायचं आणि दार लावायचं, हात झाडत उभं राहायचं नाही. एकीने डंख मारला की त्या जागेला पिकल्या केळ्यासारखा वास येतो, त्या वासावर बाकीच्या येतात. पोरांना दगडाऐवजी लांबून बघायला शिकवा, पोळ्यावर वेडा राघू किंवा गांधील आली की माश्या पोटं उचलून लाट फिरवतात. एकदा बघितली की पोरं दगड विसरतील.

वाडीवाला | २८ ऑक्टोबर

ताई, राग मानू नका पण मी वेगळं लिहिणार आहे. माझी देवगडकडे हापूसची बाग आहे. माझ्या मुलीच्या शाळेत मागे असाच पर्यावरणाचा कार्यक्रम झाला आणि ती घरी येऊन म्हणाली, बाबा तुम्ही मधमाश्या मारता. दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मला फार लागलं ते.

तुडतुडे, फुलकिडे, भुरी, करपा, ढग आले की मोहोर काळा पडतो, म्हणून फवारावं लागतं, आणि आमचं वर्ष त्या दोन-तीन महिन्यांवर असतं. बँकेचा हप्ता कोणी माफ करत नाही. मुलांना शिकवा, जरूर शिकवा, पण शेतकऱ्याला त्यांच्यासमोर गुन्हेगार करू नका. तुमची मुलं माझ्याच घरात राहतात, माझ्याच बागेच्या पैशावर शिकतात.

रानजाई | २८ ऑक्टोबर

दादा, राग नाही, उलट तुम्ही लिहिलंत म्हणून बरं वाटलं. हा भाग मी टाळून चालणारच नाही, आणि तुमच्या मुलीसारखं एकही मूल माझ्या तासाहून घरी जाऊ नये असं मला मनापासून वाटतं.

मी काय शिकवणार नाही ते आधी सांगते. मधमाशी गेली तर माणूस चार वर्षांत संपेल असं आइनस्टाईनच्या नावावर एक वाक्य फिरतं, त्याने ते म्हटल्याचा काही पुरावा नाही, मी ते शिकवणार नाही. मधमाशी नाही तर हापूस नाही हेही शिकवणार नाही कारण ते खरं नाही. आंब्याच्या मोहोरावर जास्त काम साध्या माश्या करतात, घरमाशीच्या जातकुळीतल्या, शिवाय पोया, मुंग्या, बारीक भुंगेरे. मधमाशी येते पण ती तिथली मुख्य नाही. मुलांना हे भिंगातून बघू दे. एका तुऱ्यात नुसती नर फुलं किती, नर-मादी दोन्ही असलेली किती, हजारो फुलांतून हाताला लागणारे आंबे किती, हे मोजलं की बाबांची काळजी मुलालाच कळते. बागायतदार किती नाजूक गोष्टीवर जगतो ते कुठल्याही भाषणाने इतकं कळणार नाही.

आता जे शिकवणार ते. फवारणीची औषधं सगळी सारखी नसतात. इमिडाक्लोप्रिड, थायमेथॉक्झाम, लॅम्डा सायहॅलोथ्रिन ही माश्यांना फार घातक आहेत हे मी लपवणार नाही, पहिल्या दोन्हींचा उघड्या शेतातला वापर युरोपीय संघाने २०१८ मध्ये बंद केला. पण मुलाने घरी जाऊन बाबांना बोलायचं नाही, विचारायचं. फवारणी कधी आहे? फुलं पूर्ण उमलायच्या आधी होऊ शकते का? संध्याकाळी, माश्या घरी परतल्यावर करता येईल का? झाडाखालची फुललेली रानटी झुडपं फवाऱ्यातून वाचवता येतील का? आणि शेजारी कोणाची पेटी असेल तर आदल्या दिवशी फोन, म्हणजे तो पेटीचं तोंड त्या वेळेपुरतं जाळीने बंद करेल. या सगळ्याने बागेचं नुकसान होत नाही. तुमचं यावर काय म्हणणं आहे ते सांगा, मी खरंच त्याप्रमाणे बदल करेन.

वाडीवाला | २९ ऑक्टोबर

फोनचं पटलं. उमलायच्या आधीचंही पटतं, दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचं मोहोर संरक्षणाचं वेळापत्रक आहे, आम्ही बरेचसे तेच धरून चालतो, पण सगळी झाडं एकदम मोहोरत नाहीत ही अडचण आहे, एकाच कलमावर एक फांदी फुललेली आणि दुसरीला नुसती पालवी. संध्याकाळचं सांगतो. गडी चारनंतर थांबायला तयार नसतात, आणि उंच झाडावर अंधारात पाईप धरणं धोक्याचं. हे मुलांना पण सांगा, की बाबा सकाळी का फवारतात.

घराजवळची थोडी कलमं मी घरच्या खाण्यापुरती बिनफवारणीची ठेवतो. मोहोर आला की मुलांना तिथे आणा. शिकवताना मीही उभा राहीन.

रानजाई | २९ ऑक्टोबर

दादा, याहून मोठी मदत नाही. नक्की येणार. तुम्ही स्वतः बोललात तर फारच छान, मुलं बागायतदाराच्या तोंडून ऐकतील.

घरगुती_निवास | ३१ ऑक्टोबर

दापोलीजवळ आमचा होमस्टे आहे. पाहुण्यांच्या मुलांसाठी सकाळचा दोन तासांचा कार्यक्रम करता येईल का, माणशी तीनशे रुपये दिले तर परवडेल? पाहुण्यांना पोळं पिळून ताजा मध काढलेला बघायचा असतो.

रानजाई | ३१ ऑक्टोबर

कार्यक्रम नक्की करू, रकमेचं फोनवर बोलू. पण पोळं पिळणार नाही. पिळलं की अळ्या चिरडतात आणि मधात जातात. मध काढायच्या यंत्रात चौकट फिरवून दाखवेन, पोळं शाबूत राहतं आणि ते पुन्हा पेटीत घालता येतं. तेही फेब्रुवारी ते मे मध्येच, इतर वेळी त्यांच्या ताटातलं काढायचं नाही. पाहुण्यांना हे आवडेल असं वाटतं, कारण सांगितलं की लोक समजून घेतात.

माझा हिशोब साधारण असा बसतोय की होमस्टे, खाजगी शाळा आणि मे मधली शिबिरं यांच्याकडून रीतसर फी, आणि त्यावर जिल्हा परिषदेच्या शाळा प्रवासखर्चात. २० मे जागतिक मधमाशी दिवस असतो, संयुक्त राष्ट्रांनी २०१८ पासून सुरू केला, आंतोन यांशा या स्लोव्हेनियाच्या मधपाळाच्या आठवणीत. आपल्याकडे तेव्हा शाळा बंद, पण चाकरमान्यांची मुलं गावात. म्हणजे शिबिराला तीच तारीख धरायची. @चाकरमानी_ठाणे तुमची दोन नावं लिहून घेतली.

चाकरमानी_ठाणे | १ नोव्हेंबर

मस्त! शेजारच्या अजून तिघी विचारतायत. मोठा सातवीत आहे, त्याला पेटी उघडताना जवळ उभं राहायचंय, चालेल का?

रानजाई | १ नोव्हेंबर

चालेल, संमतीपत्र आणि जाळीचा बुरखा दोन्ही हवं. फिके कपडे, पायात बूट, अत्तर-डिओ नको. पाचवीच्या खालच्यांना मात्र काचेची पेटी आणि पोया.

मास्तर_राजापूर | ३ नोव्हेंबर

एक राहिलं होतं. आमच्या तालुक्यात असे म्हातारे आहेत ज्यांनी आयुष्यभर रानात पोळी शोधली, माशी पाणी पिऊन कुठल्या दिशेला उडते ते बघून झाड सांगतात. तिकडे रायगडात कातकरी समाजात ही विद्या अजून आहे. त्यांना बोलवा, आणि बोलावलंत तर मानधन द्या, नुसता नारळ नको. मुलांना कळू दे की हे ज्ञान आहे आणि ते वाडीतल्याच माणसाकडे आहे.

रानजाई | ३ नोव्हेंबर

गुरुजी, अगदी. फीमधला ठरावीक भाग त्यासाठी बाजूला काढणार. आमच्या वाडीत एक आजोबा आहेत, त्यांना विचारलं तर म्हणाले मी काय शिकवणार, आणि मग दोन तास बोलत होते.

रानजाई | १९ जानेवारी

मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा वर काढतेय. @वाडीवाला दादांच्या बागेत काल जाऊन आलो, सहावी-सातवीची मुलं. प्रत्येक जोडीला एक तुरा वाटून दिला आणि वीस मिनिटं फक्त बघायचं, जो बसेल त्याची खूण करायची. बहुतेकांच्या वहीत साध्या माश्या पहिल्या नंबरावर, मग पोया, मुंग्या. सातेरी अगदी थोडी. एका मुलीने विचारलं मग सातेरी गेली कुठे, आणि सगळी टोळी शोधत कुंपणापलीकडे गेली तर काजूच्या फुलांवर आणि नारळाच्या फुलोऱ्यावर होती. मला काही सांगावंच लागलं नाही.

दादा फवारणीवर अर्धा तास बोलले, औषधाची बाटली हातात घेऊन, लेबलवरचा औषध किती विषारी ते सांगणारा रंगीत त्रिकोण दाखवून लाल म्हणजे काय, पिवळा-निळा-हिरवा म्हणजे काय. मुलांचे प्रश्न संपत नव्हते. त्यांची मुलगीही होती, तिने सगळ्यांना पाणी आणि कोकम सरबत दिलं आणि बाबांच्या शेजारीच उभी होती.

काकांनी पाठवलेल्या मापाची काचेची पेटी तयार झाली, चौकट व्यवस्थित बसते.

वाडीवाला | १९ जानेवारी

पुढच्या वर्षी पण या. शेजारच्या बागेतले पण विचारत होते. आणि ताई, वरच्या अंगाच्या कलमांची फवारणी गुरुवारी आहे, तुमच्या ओळखीचे ते पेटीवाले आमच्या शेजारी आहेत त्यांना कळवलंय.

मास्तर_राजापूर | २० जानेवारी

ताई, केंद्रप्रमुखांशी बोलणं झालं. पुढच्या शिक्षण परिषदेत दुपारच्या सत्रात दीड तास तुमचा. चाळीसेक शिक्षक असतील. प्रोजेक्टर आहे पण लाईटचा भरवसा नाही. काय काय लागेल ते कळवा.

रानजाई | २० जानेवारी

प्रोजेक्टर नसला तरी चालेल गुरुजी. सावलीची पडवी, दोन टेबलं, आणि टेबलाच्या पायांखाली ठेवायला पाण्याच्या आठ वाट्या, नाहीतर मुंग्या चढतात. भिंगं मी आणते. शिक्षकांना येताना आपापल्या शाळेच्या आवाराचा हाताने काढलेला नकाशा आणायला सांगाल का, त्यावरच काम करू.